ब्रेक दाबताच गाडी थरथरते?

ईदला गावी निघताना आपण डिकी भरतो, टायरची हवा पाहतो. ब्रेकची आठवण मात्र घाटात होते. ब्रेक दाबल्यावर गाडी थरथरत असेल, तर निघण्याआधीच ती दाखवून घेऊ या.

थरथर कुठे जाणवते ते आधी पाहू. स्टिअरिंग हलत असेल तर दोष बहुधा पुढच्या डिस्कमध्ये. सीट धडधडत असेल तर मागचे ड्रम तपासावेत. ब्रेक न दाबताही वेगात स्टिअरिंग थरथरत असेल, तर चाकांचे बॅलन्सिंग पाहावे. एकदम जोरात ब्रेक मारल्यावर पेडल धडधडले, तर ते एबीएसचे काम. तो बिघाड नव्हे.

डिस्क ‘वाकली’ असे मेकॅनिक म्हणतात. खरे तर बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. चाकाचे नट कमी-जास्त आवळणे, हबवरचा गंज, अडकलेला कॅलिपर ही त्यामागची कारणे. म्हणून नुसते पॅड बदलून भागत नाही. हब साफ करून डायल गेजने डिस्क तपासून घ्यावी. घासल्यानंतरही जाडी डिस्कवर कोरलेल्या किमान मापाच्या वर राहणार असेल, तर लेथवर घासून चालते. नाहीतर दोन्ही बाजूंच्या डिस्क पॅडसह बदलाव्यात. नट टॉर्क रेंचनेच आवळायला सांगावेत.

कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकवर सतत पाय ठेवू नये, गिअर खालचा घ्यावा. आणि थरथर कायम असेल तर निघूच नये. गाडीत बसलेली माणसे आपल्याकडे अमानत आहेत. अम्मी एक दिवस वाट पाहील.