राक्षे-मोहोळ कुस्ती: 'चितपट'वर रिव्ह्यू का मिळत नाही?

२ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची अंतिम लढत. पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निकाल पंचांनी दिला. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असं शिवराजचं म्हणणं. रिव्ह्यू नाकारला, तशी त्याने पंचांना लाथ मारली आणि तीन वर्षांचं निलंबन ओढवून घेतलं.

नियम काय सांगतो?
दोन्ही खांदे गादीला टेकवून, पंचाला स्पष्ट दिसेल इतका वेळ दाबून धरले की चितपट. गुणांच्या निर्णयाला चॅलेंज देता येतं, चितपटला नाही. कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आखाड्यातला पंच एकटा चितपट देत नाही. बाजूचा पंच किंवा मॅट चेअरमन दुजोरा देतो. म्हणजे तपासणी निकालाआधीच होते.

मग अडलं कुठे?
ही तपासणी पैलवानाला आणि प्रेक्षकांना दिसत नाही. गुण चुकला तर पुढे भरून काढता येतो. चितपट दिली की कुस्तीच संपते.

खान्देशाला याचं काय?
चाळीसगाव तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरींनी २०१४ ते २०१६ सलग तीनदा ही गदा जिंकली. जळगाव-धुळ्याच्या तालमीतल्या पोरांसाठी हीच सगळ्यात मोठी स्पर्धा. लाथेचं समर्थन होऊच शकत नाही. पण दुजोरा देताना पाहिलेला व्हिडिओ तिथेच पडद्यावर दाखवला, तर निम्मे वाद तिथेच मिटतील.