नगर परिषदेचा पंप कोणाच्या पाठीवर?

पावसाळा संपत आला की गोंदिया जिल्ह्यात गवत कमरेएवढे होते. शाळेचे मैदान, स्मशानभूमी, नाल्याचे काठ, बगिचा, पुतळ्यामागची मोकळी जागा, सगळीकडे. ते काढण्याचे दोन मार्ग आहेत. माणसे आणि मशीन लावून कापायचे, किंवा पाठीवर पंप अडकवून ‘औषध मारायचे’. विषाला औषध म्हणण्याची सवय आपल्या भाषेला कधी लागली कोण जाणे, पण त्या एका शब्दाने कंपन्यांचे अर्धे काम फुकटात केले आहे.

आमची मागणी सरळ आहे. गोंदियापासून देवरीपर्यंत जिल्ह्यातील प्रत्येक नगर परिषदेने आणि नगर पंचायतीने ठराव करावा की आमच्या मालकीच्या जमिनीवर तणनाशक फवारले जाणार नाही, आणि कीटकनाशक वापरावेच लागले तर कायद्यातील प्रत्येक अट पाळून वापरले जाईल.

ही मागणी मांडली की आपल्यातलेच काही साथी म्हणतात, पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे. अ‍ॅट्रॉसिटी, शिष्यवृत्ती, आरक्षण सोडून गवतावर काय बोलायचे? त्यांना आमचा एकच प्रश्न आहे. तो पंप कोणाच्या पाठीवर असतो? नगर परिषदेच्या अभियंत्याच्या नाही, ठेकेदाराच्याही नाही. गटारात जो उतरतो, कचरा जो उचलतो, त्याच वस्तीतला कंत्राटी मजूर तो पंप उचलतो. आणि त्या वस्त्या कोणत्या जातींच्या आहेत हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. रोजाने दुसऱ्याच्या शेतात फवारणारे मजूर त्यात होते. तेव्हा पहिला आरोप मजुरावरच झाला: मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत. पण ते द्यायचे कोणी होते?

याचे उत्तर १९७१ च्या कीटकनाशक नियमांत लिहिलेले आहे. फवारणीचे काम करणाऱ्याची डॉक्टरकडून तपासणी, संरक्षक कपडे, श्वासासाठीचे साधन, प्रथमोपचाराची सोय, प्रशिक्षण. हे नियम १९६८ च्या कायद्याखाली केलेले आहेत आणि सरकारी-निमसरकारी फवारणीलाही लागू आहेत. शेतात मालक कोण, मजूर कोणाचा, यावर वाद घालता येतो. नगर परिषदेच्या जमिनीवर वाद नाही. जमीन तिची, काम तिचे, बिल तिच्या तिजोरीतून निघते. ठेकेदार मध्ये उभा केला म्हणून जबाबदारी सरकत नाही.

ग्लायफोसेटचेच घ्या. आपल्याकडे त्याला परवानगी आहे ती चहामळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जमिनीसाठी. पीक नसलेली जमीन म्हणजे रस्त्याची कड, मैदान, मोकळा भूखंड, म्हणजे नेमकी आपल्या लेकरांची खेळायची जागा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की हे रसायन परवानाधारक कीडनियंत्रण चालकांनीच वापरावे. ठेकेदाराने सकाळी नाक्यावरून उचललेला मजूर परवानाधारक असतो का?

अमेरिकेत ड्वेन जॉन्सन नावाचा कृष्णवर्णीय कामगार कॅलिफोर्नियातील शाळांच्या मैदानांवर हेच तणनाशक फवारत असे. त्याला कर्करोग झाला. २०१८ मध्ये ज्यूरीने मोन्सँटोला २८ कोटी ९० लाख डॉलर द्यायला सांगितले. अपिलात ती रक्कम सुमारे २ कोटींवर आली. कंपनी आजही दोष मान्य करत नाही, शास्त्रज्ञांतही वाद आहे. चालू द्या वाद. पण तो मिटेपर्यंत प्रयोग कोणाच्या शरीरावर करायचा? तिथे कृष्णवर्णीयाच्या, इथे आपल्या.

फ्रान्सने २०१७ पासून सार्वजनिक बागा आणि रस्त्यांवर रासायनिक कीटकनाशके-तणनाशके बंद केली. तिथली गावे गवतात बुडाली नाहीत.

आता खरी अडचण. तणनाशक बंद केले तर विळा घेऊन वाकणार कोण? आपल्याच आया-बहिणी. धानाच्या बांधीत निंदण करून ज्यांच्या कमरा गेल्या, त्यांना पुन्हा गवतात बसवणारा ठराव आम्हाला नको. म्हणून ठरावात ग्रास कटर मशीन, बूट, चष्मा आणि किमान वेतन एकत्र हवे. ‘खर्च वाढतो’ असे मुख्याधिकारी म्हणतील. वाढू द्या, तो खर्च मजुरी आहे. फवारणी स्वस्त पडते ती मजुराच्या फुप्फुसाची किंमत बिलात धरत नाहीत म्हणून.

डासांच्या फवारणीला आमचा आंधळा विरोध नाही. देवरी-सालेकसा भागात हिवताप काय असतो ते आपण जाणतो. तिथे नियम पाळून, आधी सूचना देऊन, तलाव आणि विहिरी टाळून फवारणी व्हावी. हा तलावांचा जिल्हा आहे. नाल्याकाठी मारलेले विष पावसाच्या पाण्याबरोबर वाहत जाते आणि धिवर बांधवांच्या मासळीपर्यंत पोचू शकते. इथल्या सारस पक्ष्यांसाठी नागपूर खंडपीठाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली, ते चांगलेच झाले. फवारणाऱ्या मजुरासाठीही कोणी तरी दार ठोठावायला हवे.

मात्र ठराव झाला की काम झाले असे समजू नका. बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला आणि तो कागदावर पडून राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा त्या कागदाला अर्थ आला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागेही घेतला. म्हणून अट ठरावासोबत निविदेतही लिहून घ्यायची: तणनाशक वापरले तर बिल मिळणार नाही.

सुरुवात माहिती अधिकाराच्या एका अर्जाने होते. गेल्या तीन वर्षांत कोणते रसायन किती लिटर घेतले, कोणत्या जागेवर मारले, फवारणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी कधी झाली, संरक्षक साहित्याचे बिल कुठे आहे. १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते. आणि १४ ऑक्टोबरच्या कार्यक्रमासाठी मैदान मागायला जाल तेव्हा त्याच अर्जात एक ओळ वाढवा: गवत कापून द्या, जाळून नको.