कान आधी पाहायचा, मग हात लावायचा

रेल्वे स्टेशनाबाहेर, एसटी स्टँडवर, आठवडे बाजारात कान साफ करून देणारे अजून भेटतात. त्यांची बाजू घेणाऱ्यांत शिकलेली माणसंही आहेत. त्यांचं म्हणणं असं, की डॉक्टर तरी वेगळं काय करतो? तोही सळईच घालतो, वर फी घेतो.

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण त्यातली सळईची गोष्ट खरी आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात कान साफ करायच्या शलाकेचं वर्णन आहे, तिचं तोंड यज्ञातल्या स्रुवेसारखं. आज कान-नाक-घसा तज्ज्ञ वापरतात त्या जॉब्सन हॉर्न प्रोबला एका टोकाला बारीक कडी असते आणि दुसऱ्या टोकाला कापूस गुंडाळण्यासाठी खाचा. घरातल्या कानकोरण्याची ती सख्खी बहीण आहे. पण डॉक्टरांच्या कपाळावर दिवा किंवा आरसा असतो, कानात छोटं नरसाळं बसवलेलं असतं आणि सळईचं टोक सतत नजरेसमोर असतं. मोठ्या माणसाची कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. तिच्या आतल्या भागातली कातडी हाडावर ताणलेली आणि अगदी पातळ, आणि शेवटी पडदा. तिथे अंदाजाने सळई फिरवणाऱ्याचा हात कितीही सराईत असो, रुग्णाने मान हलवली की पडदा फाटू शकतो.

मुळात मळ ही घाण आहे, हेच चूक आहे. तो नळीच्या बाहेरच्या भागातच तयार होतो. धूळ, किडे, जंतू तो अडवतो. कानाची कातडी आतून बाहेर सरकत असते आणि तिच्याबरोबर मळही बाहेर येतो. म्हणजे पडद्याजवळ घट्ट बसलेला गोळा बहुधा आपणच काडीने किंवा इअरबडने ढकललेला असतो. हल्ली कॅमेऱ्याचे चमचे ऑनलाइन मिळतात. मोबाइलवर चित्र दिसतं, पण खोली कळत नाही आणि थांबायचं कुठे तेही कळत नाही. कानात मेणबत्ती लावण्याच्या प्रकाराने मळ निघत नाही, भाजतं मात्र.

खरी परीक्षा लहान मुलांच्या कानात असते. आपल्याकडे कानात काय जात नाही? ज्वारीचा दाणा, हरभरा, सरकी, चिंचोका, मणी. मणी गोल आणि गुळगुळीत. घरच्या चिमट्याने धरायला गेलं की तो निसटतो आणि नळीच्या अरुंद जागेपलीकडे जातो. मग भूल देऊन काढावा लागतो. डॉक्टर बोथट, वाकडा हुक मण्याच्या कडेने अलगद पलीकडे नेतात, वळवतात आणि मणी मागून पुढे ओढतात. कागदाचा कपटा, कापसाचा बोळा असेल तर बारीक जबड्याचा क्रोकोडाइल फोर्सेप्स. दाणा असेल तर पाण्याची पिचकारी नाही, कारण दाणा फुगतो आणि अडकतो. घड्याळातला बटण सेल असेल तर पाणीही नाही, थेंबही नाही. तो काही तासांत आतली कातडी जाळतो. त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

तेलाची बाजूही ऐकली पाहिजे. उन्हाळ्यात धाब्यावर झोपलेल्याच्या किंवा रात्री पिकाला पाणी भरणाऱ्याच्या कानात किडा शिरला, तर आजी तेल सोडायची. तिचं बरोबर होतं. पडदा शाबूत असेल तर कोमट तेलाने किडा मरतो, फडफड थांबते, मग तो काढता येतो. पण कान वाहत असताना किंवा पडद्याला भोक असताना तेच तेल घात करतं. ओलसर कानात बुरशीही धरते.

दडे बसले असतील तर आधी मळ मऊ करणारे थेंब, मग पिचकारी, सक्शन किंवा प्रोब. पिचकारीचं पाणी अंगाइतकंच कोमट, सुमारे 37 अंश, लागतं. गार पाण्याने गरगरतं. कानाचं ऑपरेशन झालेल्याने आणि मधुमेह्याने हे आधी सांगितलंच पाहिजे.

राहिला पैशांचा आणि अंतराचा मुद्दा, आणि तो मला सगळ्यांत खरा वाटतो. जळगावला आणि धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पण सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून तिथे यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. स्टँडवरच्या सळईवाल्याला नावं ठेवून हे अंतर मिटत नाही. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात कानात पाहायचा चालू ऑटोस्कोप, प्रोब, हुक आणि ती वापरायला शिकलेला डॉक्टर हवा. ही महागडी यंत्रं नाहीत. जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी पुढच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद मागावी. आणि ती होईपर्यंत, आयांनो, मुलाच्या कानात काही दिसलं तर पिन, काडी, चिमटा काहीही घालू नका. त्याला तसंच दवाखान्यात घेऊन या.