हात मोजा, मग हत्यार दाखवा

२०२५च्या २२ सप्टेंबरपासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून थेट ४० टक्क्यांवर गेला आणि आमच्या टेबलावर पत्रांचा ढीग पडला. लाखाच्या मूळ किमतीमागे गिऱ्हाइकाला बारा हजार रुपये जादा मोजावे लागणार. सरकारने स्वसंरक्षणाच्या हत्याराला खासगी विमाने, चैनीच्या नौका आणि तंबाखूच्या पाइपांच्या पंगतीत बसवले, याचा विक्रेत्यांना राग आहे, आणि तो रास्त आहे. जिवाला धोका असल्याची खात्री करून एका खात्याने परवाना द्यायचा आणि दुसऱ्या खात्याने त्याच हत्याराला चैनीची वस्तू ठरवायचे, असा हा कारभार. पण या कराविरुद्ध निवेदने गेली आहेत, आणखी जातील. त्यावर पुन्हा चार पाने खर्ची घालावीत असे आम्हाला वाटत नाही.

ढिगातले एक पत्र मात्र वेगळे निघाले. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या एका डॉक्टर बाईंचे. उंची पाच फुटांच्या आत, वजन बेताचे, हात लहान. दोन वर्षे खेटे घातल्यावर परवाना मिळाला. दुकानात गेल्या तर 'मॅडम, लेडीजसाठी हेच' म्हणून सर्वात हलके .३२ रिव्हॉल्व्हर पुढ्यात आले. तिथे ते एकदा हातात धरले, दाम मोजले, घरी आणले. आता तक्रार अशी, की उजव्या हाताच्या तर्जनीने डबल ॲक्शनचा चाप पूर्ण ओढला जात नाही. डाव्या हाताची तर्जनी मदतीला घ्यावी लागते आणि तोवर नळीचे टोक बोटभर खाली झुकते. पहिल्या सरावात अंगठ्याच्या बुडाशी असे ठणकले की सहा राउंडनंतर त्यांनी हत्यार खाली ठेवले. विचारतात, दोष माझ्या हाताचा की हत्याराचा?

बाई, दोष दोन्हींचा नाही. दोष विकणाऱ्याचा, शिकवणाऱ्याचा आणि ज्या पद्धतीत हे हत्यार न चालवता विकत घ्यावे लागते तिचा. या मासिकाचे वाचक बहुतेक विकणारे आणि शिकवणारेच आहेत, म्हणून हे संपादकीय त्यांच्यासाठी.

'लहान चणीच्या माणसाला लहान पिस्तूल' हा आपल्या धंद्यातला सर्वात जुना आणि सर्वात महागात पडणारा समज आहे. २०१४च्या जानेवारीत कानपूरहून 'निर्भीक' आले तेव्हा त्याला सरकारी शिक्काच मिळाला. खास महिलांसाठी म्हणून जाहिरात, वजन ५०० ग्रॅम, किंमत १,२२,३६० रुपये आणि दागिन्यांच्या डबीसारखी मरून पेटी. पेटीवर विचार झाला, मुठीवर किती झाला कोण जाणे. हत्यार हलके केले की बाळगायला सोपे होते, चालवायला अवघड होते. हे वाचकांना सांगायला नको. तेच काडतूस ७०० ग्रॅमच्या जुन्या आयओएफ रिव्हॉल्व्हरमधून उडवा आणि ५०० ग्रॅमच्या हत्यारातून उडवा. हलक्या हत्याराचा मागचा धक्का साधारण ४० टक्के जास्त बसतो. करही चाळीस, धक्काही चाळीस! त्यात चापाची ओढ हत्याराच्या वजनाच्या कितीतरी पट. मनगटात ताकद कमी असेल तर ओढताना हत्यारच हलते, निशाणीचे टोक जागेवर राहत नाही. आखूड नळीमुळे पुढच्या-मागच्या निशाणीतले अंतर कमी, म्हणून तीच चूक लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. आखूड मुठीवर करंगळी लटकत राहते ती वेगळीच.

म्हणून आमचे वर्षानुवर्षांचे सांगणे आहे, की आधी हात पाहावा. बांगड्या भरताना कासारीण आधी हात दाबून बघते, मग चुडा काढते. आपण मात्र लाख-दीड लाखाचे हत्यार गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघून काढतो. पाहायचे तरी काय? हत्याराची मूठ अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात नीट बसवल्यावर नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत राहिला पाहिजे. त्याच अवस्थेत तर्जनीचे पहिले पेर चापावर टेकले पाहिजे. चापापर्यंत पोचण्यासाठी मूठ हातात फिरवावी लागत असेल, तर धक्का तळव्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर बसणार. डॉक्टर बाईंचे ठणकणे तिथलेच. मग स्नॅप कॅप घालून एकाच बोटाने दहा वेळा डबल ॲक्शन ओढायला सांगा. सातव्या-आठव्या ओढीला पुढची निशाणी थरथरू लागली तर ते हत्यार त्या हाताचे नाही, मग ते कितीही हलके असो.

पिस्तुलाची गोष्ट आणखी निराळी. 'अशनी' किंवा जुनी विलायती .३२ पिस्तुले ब्लोबॅकवर चालतात. स्लाइडला कुलूप नसल्याने सगळी भिस्त तिच्या वजनावर आणि स्प्रिंगवर, म्हणून स्प्रिंग ताठ. लहान हाताला चाप पोचतो, मूठ बसते, पण स्लाइड मागे येत नाही. यातले निम्मे अपयश ताकदीचे नसून तऱ्हेचे असते. चिमटीत स्लाइड धरून ओढण्याऐवजी डावा तळवा वरून घट्ट बसवायचा, हत्यार छातीजवळ घ्यायचे, नळी सुरक्षित दिशेलाच ठेवायची आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. अनेकांची अडचण तिथेच मिटते. ही तऱ्हा शिकवूनही दहातली आठ वेळा स्लाइड पूर्ण मागे आली नाही, तर मुकाट्याने रिव्हॉल्व्हर दाखवावे. उलट, चापाची ओढ जमत नाही पण स्लाइड जमते, अशा हाताला पिस्तूलच बरे. रिव्हॉल्व्हर उघडण्याचाही प्रश्न आहे. जुने मोडून उघडायचे हत्यार लहान अंगठ्याला कधी कधी उघडतच नाही. २०२३च्या ऑगस्टमध्ये आलेल्या 'प्रबल'ने बाजूला उघडणारे सिलिंडर दिले, ही चांगली सुधारणा. वजन ६७५ ग्रॅम, म्हणजे धक्क्याच्या दृष्टीनेही बरे. पण जाहिरात कशाची झाली? पन्नास मीटरच्या पल्ल्याची! दवाखान्याच्या दारात, गाडीच्या काचेपाशी, जिन्याच्या वळणावर पन्नास मीटर कुठून आणायचे?

आता मूळ दुखण्याकडे. ही पारख दुकानाच्या काउंटरवर निम्मीच होते. उरलेली निम्मी गोळी उडवल्यावरच कळते. आणि नेमके तेच परवानाधारकाला खरेदीपूर्वी करता येत नाही. एका विक्रेत्याने जिल्ह्याच्या परवाना शाखेला लेखी विचारले, की मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या रेंजवर, क्लबच्या प्रशिक्षकासमोर, परवाना मंजूर झालेल्या व्यक्तीला दोन-तीन प्रकारची हत्यारे चालवून पाहू द्यावीत का? पाच महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले: 'चाचणी'साठी स्वतंत्र परवाना लागतो, सबब विचार करता येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ मधली चाचणी ही हत्यार बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्याची. गिऱ्हाइकाने रेंजवर सहा राउंड उडवणे तिच्यात बसवायचे म्हणजे शब्दाला शब्द लावून फाइल बंद करण्याचा प्रकार. टेबलापलीकडच्या माणसाने आयुष्यात कधी चाप ओढला असता तर हे उत्तर लिहिताना त्याचा हात अडखळला असता.

बरे, चुकीचे हत्यार घेतले तर बदलून घ्या म्हणावे, तर तिथेही काटे. दुसऱ्या परवानाधारकाला विकायचे तर आधी लेखी सूचना द्या आणि ४५ दिवस थांबा. तोवर दुसरे घेऊन ठेवू म्हटले तर २०१९च्या दुरुस्तीने माणशी हत्यारे तीनवरून दोनवर आणली. शेतावरची बारा बोअर आधीच नोंदलेली असली की जागा संपली. परदेशी हत्यारांची आयात सामान्य परवानाधारकाला ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद, त्यामुळे अमेरिकेतल्या बाईसमोर लहान हाताची, हलक्या स्लाइडची जी डझनावारी पिस्तुले असतात, ती आपल्याला चित्रातच. आपल्याकडची निवड चार-पाच नावांत संपते. मग निदान ती चार-पाच नावे तरी हाताळू द्या!

नियम करणाऱ्यांना हे समजले नव्हते असेही नाही. २०१६च्या शस्त्र नियमांनी परवान्यापूर्वी प्रशिक्षणाची अट घातली. सुरक्षित हाताळणी, बाळगण्याची रीत, गोळीबाराचे तंत्र, निगा, साठवण असा त्याचा आवाका. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी चार तासांत एस-१ प्रमाणपत्र हातात पडते. रिव्हॉल्व्हरसाठी अर्ज केलेल्या माणसाने रायफलीचे पाच राउंड आडवे पडून उडवलेले असतात. हे प्रमाणपत्र देणारे आपलेच प्रशिक्षक आहेत, हेही लिहायला हवे.

आणि बाळगण्याची रीत? त्याच नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हँडगन होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवी. म्हणजे झाकून बाळगणे ही आपल्याकडे हौस नसून कायद्याची अट आहे. आता साडीला पट्टा नाही, सलवारीला नाडी. बाजारातली होल्स्टरे पुरुषाच्या दीड इंची पट्ट्यासाठी शिवलेली. परिणाम एकच, हत्यार पर्समध्ये. गेल्या महिन्यात एका शिबिरात एका ताईंनी पर्स उघडून दाखवली. भरलेले रिव्हॉल्व्हर तळाला, त्यावर किल्ल्यांचा जुडगा, गोळ्यांची स्ट्रिप, मोबाइलचा चार्जर, आणि चार्जरची वायर चापाच्या कडीत अडकलेली. तिथे उभ्या असलेल्या आम्हा तिघा प्रशिक्षकांच्या अंगावर काटा आला. चोर आधी पर्सच हिसकावतो हे सांगायला कुणाला सुचले नव्हते. पर्सच वापरायची तर हत्यारासाठी वेगळा, कडक अस्तराचा, चाप पूर्ण झाकणारा कप्पा हवा. त्यात दुसरी वस्तू नको, आणि पर्सचा पट्टा अंगावरून आडवा हवा. लहान चणीच्या पुरुषालाही हेच दुखणे आहे. कमरेचा घेर कमी, शर्ट आखूड. लांब मुठीचे हत्यार कुशीतून बाहेर डोकावते. म्हणून हत्यार निवडताना अंगावरचा रोजचा कपडा घालूनच दुकानात या, असे गिऱ्हाइकाला फोनवरच सांगावे.

काडतुसांचे रडगाणे वाचकांना पाठ आहे. पुण्याच्या खडकीत .३२ची काडतुसे बनतात आणि त्याच पुणे जिल्ह्यातला परवानाधारक वर्षाला पंचवीस काडतुसांची नोंद वाढवून मिळावी म्हणून अर्ज घेऊन फिरतो. पंचवीसमधली सहा हत्यारात, सहा राखीव. उरलेल्या तेरांत सराव काय होणार? ज्याच्या हाताला धक्का सोसत नाही त्याला तर अधिक सराव हवा. त्याला कमी मिळतो, मग तो हत्यार कपाटात ठेवून देतो. कपाटात पडलेले, कधीच न चालवलेले हत्यार हा त्या घराला सर्वात मोठा धोका आहे.

गृहखात्याकडे आमच्या मागण्या तीनच. परवाना मंजूर झालेल्याला क्लबच्या रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, खरेदीपूर्वी हत्यारे चालवून पाहता येतील असे स्पष्ट परिपत्रक काढा. एस-१चे प्रशिक्षण ज्या प्रकारचे हत्यार घ्यायचे त्याच प्रकारावर सक्तीचे करा. आणि खरेदीनंतर एकदा, ठरावीक मुदतीत, त्याच विक्रेत्याकडे हत्यार बदलण्याची साधी नोंदवही पद्धत आणा. यातल्या एकाही मागणीने रस्त्यावर एकही हत्यार वाढत नाही.

पण परिपत्रकाची वाट बघत बसू नका. विक्रेतेबंधूंनो, 'लेडीज पीस' हा शब्द आजपासून दुकानातून हद्दपार करा. काउंटरवर प्रत्येक प्रकारचे एकेक रिकामे, तपासलेले हत्यार आणि स्नॅप कॅपची डबी ठेवा. गिऱ्हाइकाला अर्धा तास द्या. बसत नसेल तर 'हे घेऊ नका' म्हणा. एक विक्री जाईल, चार माणसे तुमचे नाव सांगतील. क्लबच्या पदाधिकाऱ्यांनो, आपल्या परवान्यावरची .३२ची हत्यारे फक्त सेंटर फायरच्या स्पर्धकांसाठी कुलपात ठेवू नका. महिन्यातला एक रविवार नव्या परवानाधारकांसाठी राखा, आणि परवाना शाखेने नकार दिला तर तो लेखी मागा. प्रशिक्षकांनो, ज्याच्या हातात हत्यार स्थिर राहत नाही त्याच्या एस-१वर सही करू नका, मग शिफारस कोणाचीही असो. आणि डॉक्टर बाई, ते रिव्हॉल्व्हर विकायची लेखी सूचना आजच द्या. पंचेचाळीस दिवस मोजायला लागा, तोवर जवळच्या क्लबात जाऊन 'प्रबल' आणि 'अशनी' दोन्हींवर हात बसवून बघा. क्लबने दार उघडले नाही तर त्यांचा लेखी नकार आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात पहिल्या पानावर छापू.