आधी शॉकअप, मग स्प्रिंग!

गाडी ‘खाली बसवायची’ फॅशन जोरात आहे. दिसते मस्तच, नाही कोण म्हणतंय? पण गॅरेजमध्ये ग्राइंडरने स्प्रिंगचा एक वेढा कापून घेणं म्हणजे अपग्रेड नव्हे! सहा वेढ्यांचे पाच झाले की स्प्रिंग २० टक्के कडक होते. ओरिजिनल शॉकअप मात्र जुन्याच स्प्रिंगसाठी बनलेला. त्याला ती आवरत नाही, गाडी उड्या मारते. टायरच रस्ता सोडू लागला तर ब्रेक मारून काय उपयोग?

स्विफ्टचं गणित घ्या. ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी, व्हीलबेस २.४५ मीटर. आयआरसीच्या नियमातला १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद स्पीडब्रेकर पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये जेमतेम ४.४ सेंमी वर येतो. पण गल्लीबोळातला तेवढ्याच उंचीचा अरुंद ब्रेकर पूर्ण १० सेंमी येतो. गाडी ४० मिमी खाली बसवली असेल तर उरले २३ मिमी, तेही मागे तिघं बसायच्या आधी!

म्हणून माझं स्पष्ट मत: बजेट कमी असेल तर उंची आहे तीच ठेवा आणि चांगले शॉकअप घाला. खाली घ्यायचीच असेल तर २० मिमीवर थांबा, स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनेच घ्या, बंप स्टॉप त्यांना जुळणारे लावा आणि शेवटी अलाइनमेंट करा. लुक्स पार्किंगमध्ये दिसतात, सस्पेन्शन घाटात कळतं. आणि मागच्या सीटवर आपलेच रूम-पार्टनर असतात!