लढाई संपते तिथून पुढे

मांगा (जपानी चित्रकथा) आणि अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) यांच्यासाठी मी गेली पंधरा वर्षं दोन्ही बाजूंनी भांडते आहे. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘हे कार्टून, आणि त्यातही नुसती मारामारी.’ माझी भाचरं म्हणतात, ‘मावशी, मारामारीच नसेल तर बघायचं कशाला?’ दोघांची तोंडं दोन दिशांना असली तरी गृहीतक एकच आहे. या माध्यमाचा जीव मारामारीत आहे असं दोघांनाही वाटतं; एकाला ती खुपते, दुसऱ्याला ती पुरत नाही. मला हे गृहीतकच अमान्य आहे. जपानी चित्रकथांनी जे सर्वांत मोलाचं दिलं, ते लढाई संपल्यानंतरच्या दिवसांविषयी आहे. हे माझं म्हणणं मांडण्याआधी समोरच्यांचे आक्षेप एकेक करून घेते.

पहिला आक्षेप पोरखेळाचा. चित्रं काढून सांगितलेली गोष्ट लहान मुलांची, शहाण्यांनी पुस्तकं वाचावीत, असा तो आहे. हे म्हणणाऱ्या पिढीनेच १९९० च्या दशकात रविवारी दूरदर्शनसमोर बसून मोगली पाहिला. तो निप्पॉन अ‍ॅनिमेशन या जपानी स्टुडिओने १९८९ साली सुरू केलेल्या ५२ भागांच्या मालिकेतला होता. तेव्हा कोणाला कमीपणा वाटला नाही. आणि चित्रांतून कथा सांगणं पोरखेळ असेल, तर कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने पिढ्यान् पिढ्या पोथीतली चित्रं दाखवत रामायण-महाभारत सांगितलं, त्याला काय म्हणायचं? अजिंठ्याच्या भिंतींवरच्या जातककथांना काय म्हणायचं?

जातककथांवरून ओसामू तेझुकांचा ‘बुद्ध’ आठवतो. १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं त्यांनी तो रेखाटला. सुरुवातीलाच भुकेल्या साधूसाठी ससा स्वतःला आगीत झोकून देतो, ती शशजातकाची गोष्ट येते. बर्फ, उपाशी म्हातारा, ससा आणि ज्वाळा एवढ्यावर ते प्रकरण उभं आहे. हीच गोष्ट मी शाळेत धड्यासारखी वाचली होती आणि विसरलेही होते. तेझुकांनी ती सांगितल्यावर पुढचं पान उलटायला मला बराच वेळ लागला. बोलणं थांबवून चित्रावर भिस्त ठेवायला जे धैर्य लागतं, ते पोरखेळातून येत नाही.

दुसरा आक्षेप हिंसेचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. अ‍ॅनिमेत रक्त असतं, तुटलेले हात असतात, कधी कधी क्रौर्याचा उत्सवही असतो. आक्षेप घेणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी. जपानमध्ये मांगा वाचकाच्या वयानुसार वेगवेगळ्या मासिकांत छापला जातो. शोनेन कुमारांसाठी, शोजो कुमारींसाठी, सेइनेन आणि जोसेई प्रौढांसाठी. आपल्याकडे हे सगळं ‘कार्टून’ या एकाच डब्यात कोंबलं जातं, मग प्रौढांची मालिका दहा वर्षांच्या मुलाच्या हाती पडते आणि खापर माध्यमावर फुटतं. यात पालकांनी लक्ष घालायलाच हवं. पण हिंसा दाखवली म्हणजे हिंसेची भलामण केली, हे समीकरण चुकीचं आहे, आणि त्याला माझं उत्तर ‘बेअरफूट गेन’ हे आहे.

या मांगाचे कर्ते केइजी नाकाझावा ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमात होते. वय सहा वर्षं. शाळेच्या भिंतीआड असल्यामुळे ते वाचले. वडील, मोठी बहीण आणि धाकटा भाऊ गेले. १९७३ साली त्यांनी ही कथा ‘शोनेन जंप’ या मुलांच्याच साप्ताहिकात सुरू केली. पुढे तिचे दहा खंड झाले. बॉम्ब पडतो पहिल्या खंडाच्या अखेरीस. उरलेले नऊ खंड त्यानंतरचे आहेत: उपासमार, गळणारे केस, भाजलेल्या माणसाला जवळ न करणारे शेजारी, टोळ्या करून जगणारी अनाथ मुलं. कुठल्याही थरारपटात स्फोट कळसाला असतो. नाकाझावांनी तो सुरुवातीला ठेवला, कारण त्यांच्या आयुष्यातही तो सुरुवातीलाच होता.

हे पुस्तक मुलांना दाखवू नये, असं जपानमध्येही काहींना वाटलं. २०१२ च्या डिसेंबरात मात्सुए शहराच्या शिक्षण मंडळाने शाळांच्या ग्रंथालयांतल्या प्रती मुलांच्या हाती सहज लागणार नाहीत अशा ठेवायला सांगितल्या. कारण दिलं होतं क्रूर दृश्यांचं. देशभर टीका झाली आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये ते बंधन उठलं. जे दृश्य नाकाझावांनी सहाव्या वर्षी उघड्या डोळ्यांनी पाहिलं, ते दहा-बारा वर्षांच्या मुलाने कागदावरही पाहू नये, हा आग्रह मुलाचं रक्षण करत नाही. तो युद्ध करणाऱ्या मोठ्यांना वाचवतो.

आता वळते माझ्याच माणसांकडे, कारण खरं भांडण त्यांच्याशी आहे. माकोतो युकिमुरा यांच्या ‘व्हिनलँड सागा’चा दुसरा सीझन २०२३ मध्ये आला. पहिल्या सीझनमध्ये व्हायकिंगांच्या जगातला थोर्फिन हा मुलगा वडिलांच्या खुन्याचा, अ‍ॅस्केलॅडचा, सूड घ्यायला त्याच्याच टोळीत राहतो आणि माणसं मारत मोठा होतो. दुसऱ्या सीझनमध्ये तो डेन्मार्कमध्ये केटिल नावाच्या जमीनदाराच्या शेतावर गुलाम आहे. चोवीस भाग, आणि त्यातले कितीतरी भाग झाडं तोडण्यात, खोडांची मुळं उपटण्यात, एका म्हाताऱ्याची कामं करून त्याच्याकडून घोडा मागून आणण्यात, गहू पेरण्यात जातात. ‘हा काय शेतीचा कार्यक्रम आहे का?’ असं विचारून माझ्या भाच्याने तिसऱ्या भागात मालिका सोडली. असं करणारा तो एकटा नव्हता.

त्याला आणि त्याच्यासारख्यांना माझं सांगणं आहे की पहिला सीझन ही प्रस्तावना होती. अ‍ॅस्केलॅड दुसऱ्याच्या हातून मरतो, सूड हुकतो आणि थोर्फिनकडे जगायला काहीच उरत नाही. मारण्यापलीकडे त्याला काही येत नाही. रात्री तो ओरडत उठतो, कारण त्याने मारलेली माणसं स्वप्नात त्याला खाली ओढतात. दिवसा तो आइनार या दुसऱ्या गुलामाबरोबर जमीन साफ करतो. आइनारचं गाव अशाच टोळ्यांनी जाळलं होतं. ज्याचं घर जळलं तो आणि ज्याने अशी घरं जाळली तो, एकाच खोडाला दोर बांधून ओढताहेत. एवढा ताण मला कुठल्याही तलवारबाजीत दिसला नाही.

पुढे कनूट राजाची भेट मिळावी म्हणून थोर्फिन त्याच्या सैनिकाचे शंभर ठोसे उलट हात न उचलता खातो आणि आपला कोणीही शत्रू नाही असं सांगतो. हे बोलणं भाबडं वाटत नाही, कारण त्याची किंमत आपण महिनोन् महिने शेतात राबताना पाहिलेली असते. मधले ‘कंटाळवाणे’ भाग गाळून थेट इथे आलात, तर ते वाक्य पोस्टरवरचं वाटेल.

वेगाची ही मागणी वाचकांमध्ये आपोआप आलेली नाही. ‘शोनेन जंप’मध्ये सुरुवातीपासून वाचकांच्या पत्रांवरून मालिकांची क्रमवारी लागते आणि मागे पडलेली मालिका बंद होते. दर आठवड्याला पसंती टिकवायची तर दर आठवड्याला धडाका लागतो. ‘व्हिनलँड सागा’ही २००५ साली एका शोनेन साप्ताहिकात सुरू झाली होती. तो वेग न झेपल्यामुळे युकिमुरांनी त्याच वर्षी ती ‘आफ्टरनून’ या प्रौढांच्या मासिकात नेली आणि तिथे पुढची वीस वर्षं रेखाटून २०२५ मध्ये संपवली. साप्ताहिकाच्या घाण्यात तो गहू उगवायला वेळच मिळाला नसता.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. क्षमा म्हणजे दुबळेपणा, खुन्याला सोडणारा लेखक पळपुटा, असं बरेच चाहते म्हणतात. ‘अटॅक ऑन टायटन’मध्ये गाबी या लहान मुलीने साशा या तरुण सैनिकाला गोळी घातली, तेव्हा गाबी मेलीच पाहिजे असा गजर झाला. साशा मलाही प्रिय होती. पण हाजिमे इसायामांनी त्यापुढे जे लिहिलं, ते त्या मालिकेतलं सर्वांत खोल प्रकरण आहे. मुलीचा खुनी समोर आहे, हातात सुरी दिली जाते आहे, आणि साशाचा शिकारी बाप ती वापरत नाही. मारलं नाहीस तर मारला जाशील, अशा जंगलात आपण मुलीला धाडलं हे तो कबूल करतो आणि निदान पुढच्या मुलांना तरी तिथून बाहेर ठेवणं हे मोठ्यांचं काम आहे असं म्हणतो. त्याचं दुःख तसूभरही कमी झालेलं नसतं. मालिकेचा शेवट मला घाईत गुंडाळलेला वाटतो, हे मी कबूल करते. या बापामुळे मात्र चौतीस खंडांचा प्रवास माझ्या लेखी सार्थ आहे.

हिरोमु अराकावांचा ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ याच प्रश्नाला आणखी काटेकोरपणे भिडतो. २००१ ते २०१० या काळातले हे सत्तावीस खंड मी सर्वांत वर ठेवते. मेलेल्या आईला परत आणण्याच्या नादात एक भाऊ पाय आणि मग हात गमावतो, दुसरा अख्खं शरीर गमावतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं. इश्वालच्या संहाराकडे मात्र पुरेसं लक्ष दिलं जात नाही. ज्यांना आपण नायक मानतो, तो मस्टँग आणि ती हॉकआय, त्यांनी सैनिक म्हणून एका जमातीच्या कत्तलीत भाग घेतलेला आहे, आणि अराकावा त्यांना त्यातून सोडवत नाहीत. त्या संहारातून वाचलेल्या स्कारने आपल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर दांपत्यालाच मारलं. त्यांची मुलगी विनरी एकदा त्याच्यावर पिस्तूल रोखते. पुढे एका प्रसंगी तीच त्याच्या दंडावरची जखम बांधते. बांधताना आपण माफ केलेलं नाही हेही ती स्पष्ट करते. क्षमा वेगळी आणि सुडाची साखळी तोडणं वेगळं, हा भेद इतक्या नेमकेपणाने मी फार थोड्या कादंबऱ्यांत वाचला आहे. याला दुबळेपणा म्हणणाऱ्याने विनरीच्या जागी उभं राहून ती पट्टी बांधून पाहावी.

हीच कसोटी लावली की नावाजलेल्या मालिकांचं उणंही दिसतं. अकिरा तोरियामांची रेषा आणि त्यांची चित्रांतली गती यांना तोड नाही. पण ‘ड्रॅगन बॉल’मध्ये मेलेला माणूस सात गोळे गोळा करून परत आणता येतो, आणि ते वारंवार घडू लागल्यावर मृत्यूचं वजन उतरतं, लढाईनंतर काहीच उरत नसल्यामुळे पुढे फक्त मोठी लढाई उरते. याउलट ‘डेमन स्लेयर’ला मी बरीच वर्षं नुसता रंगांचा खेळ समजत होते. ते मत मी बदललं. नायक तान्जिरो राक्षसाला मारतो आणि मग त्या विरत जाणाऱ्या हातापाशी थांबतो, कारण तोही कधी माणूस होता. तेवढ्या थांबण्याने त्या साध्या कथेला माणुसकी येते. मुलींच्या शरीराचं जे हीन प्रदर्शन कित्येक मालिकांत चालतं, त्याचा बचाव मात्र मी करणार नाही. प्रेम असलेल्या माध्यमातली घाण प्रेम करणाऱ्यांनीच दाखवायची असते.

मग हे माध्यम नेमकं काय करू शकतं? ते वेळ देऊ शकतं. मुख्य हात एकाच लेखकाचा, आणि मालिका दहा-वीस वर्षं चालणारी. त्यामुळे परिणाम दाखवायला जागा मिळते. दोन तासांच्या सिनेमात खलनायक पडला की दिवे लागतात. २०२० साली सुरू झालेली ‘फ्रीरेन’ तर दिवे लागतात तिथूनच सुरू होते. राक्षसराजाला मारून चौघे परतले आहेत, दहा वर्षांची मोहीम संपली आहे. हजार वर्षांहून जास्त जगलेल्या फ्रीरेनला ती दहा वर्षं क्षणासारखी वाटतात. पन्नास वर्षांनी सोबती हिमेलच्या दफनाच्या वेळी तिला कळतं की आपण या माणसाला ओळखून घेतलंच नाही, आणि ती रडते. पुढची सारी कथा त्या उशिरा आलेल्या ओळखीची आहे.

‘बेअरफूट गेन’मध्ये युद्धाला विरोध करणारा बाप मुलांना गव्हासारखं व्हायला सांगतो. जपानी शेतकरी हिवाळ्यात गव्हाची कोवळी रोपं मुद्दाम पायांनी दाबतात, म्हणजे मुळं घट्ट धरतात. तुडवलं तरी सरळ वाढा, असा त्याचा अर्थ. अनेक वर्षांनी दुसऱ्याच एका लेखकाने हजार वर्षांपूर्वीच्या डेन्मार्कमधल्या एका खुन्याच्या हातात गहूच दिला. थोर्फिन आणि आइनार यांच्या शेतात पहिले कोंब दिसतात, त्या पानावर कोणी कोणाला मारत नाही. ज्याने आयुष्यभर फक्त संपवलं, तो मातीत गुडघे टेकून काहीतरी उगवताना पाहतो. माझ्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि माझ्या भाच्याने, दोघांनीही एकदा ते पान पाहावं, आणि मग खुशाल माझ्याशी भांडावं.