खेचायचं नाही!



दरवर्षी या सदरात मी वर्षभरात केलेल्या एका नव्या उद्योगाचा जमाखर्च मांडते. मागच्या दिवाळीत चकल्या होत्या, त्याआधी परसातली मेथी. यंदा पाळी शिवणकामाची. पण सुरुवात गणपतीपासून करायला हवी. त्या दिवशी हॉलमध्ये निदान पाच जणींनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "अगं, तुझ्या मुलाने टी-शर्ट उलटा घातलाय." सगळ्यांनी आपुलकीनेच सांगितलं. आरतीच्या गडबडीत मी नुसती हसले. उत्तर आज देते.

आमचे चिरंजीव नऊ वर्षांचे. त्याला कपडे टोचतात. लेबल टोचतं, खांद्याची शिवण टोचते, काखेतली टोचते. आधी वाटलं, नखरे. आमच्या लहानपणी खादीचे खरखरीत फ्रॉक घातलेच ना आम्ही! लेबलं कापून टाकली, तर कापलेल्या जागेचं खुंट टोचायला लागलं. एकच जुना निळा टी-शर्ट त्याला चालायचा, तोही उलटा घालून, म्हणजे शिवणी बाहेर आणि गुळगुळीत बाजू अंगाला. तसा टी-शर्ट आता दुकानात मिळत नाही आणि मुलगा तर वाढतोय. त्याच्या या त्रासाला काय नाव द्यायचं ते डॉक्टर सांगतील, आम्ही वाट बघतो आहोत. पण नाव मिळेपर्यंत रोज सकाळी अंगात काहीतरी घालावंच लागतं.

एके दिवशी शाळेला उशीर होत होता. मी नवीन शर्ट त्याच्या डोक्यातून जबरदस्तीने खाली खेचला. तो रडला, मी ओरडले, आणि शाळेच्या फाटकापर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही. घरी परत येताना मनाशी ठरवलं की शर्ट मिळत नसेल तर शिवायचा.

मला शिवण येत नाही. माझी आई मात्र सांगलीला उषा मशीनवर अख्ख्या गल्लीची पोलकी आणि झबली शिवायची. मी शेजारी बसून बॉबिन भरून द्यायचे, तेवढीच माझी विद्या. चॅरिटी शॉपमधून चाळीस पौंडांत एक जुनं मशीन आणलं, बाजारातून दीड मीटर निळी सुती जर्सी आणली, आणि आईला व्हिडिओ कॉल लावला. आई म्हणाली, "सोपं आहे. जुना शर्ट कागदावर ठेव, भोवती पेन्सिल फिरव, दोन बोटं जागा जास्त सोड आणि बेत. शिवताना कापड पुढून-मागून ताणून धर, नाहीतर टीप वाकडी जाते."

मी तसंच केलं. टीप सरळ आली, पण शर्टाचा खालचा घेर कोथिंबिरीच्या पानासारखा लाटालाटांचा झाला. गळा डोक्यातून घालताना टर्रकन आवाज आला. कापड शाबूत होतं, दोरा मात्र तीन ठिकाणी तुटला होता. आईने कॅमेऱ्यात डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "बनियनचं कापड होय? ते मी कधी शिवलं नाही गं. ते विकतच आणतात."

आमच्या शेजारी एक गुजराती मासी राहतात. १९७२ साली ईदी अमीनने युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलं, तेव्हा त्या कंपालाहून लेस्टरला आल्या. तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तिकडच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात जागा नाही, इकडे येऊ नका. तरी माणसं आली, आणि त्यांतल्या पुष्कळांना इथल्या होजिअरी कारखान्यांत काम मिळालं. मासींनी वीस वर्षं ओव्हरलॉक मशीनवर टी-शर्टांच्या बाह्या जोडल्या. मोबदला डझनावर.

माझा लाटालाटांचा शर्ट त्यांनी हातात घेतला, एकदा ताणला, सोडला, आणि दोनच शब्द बोलल्या: "खेंचवानुं नहीं."

मग त्यांनी स्वयंपाकघरात बसवून मला कापड समजावलं. मराठीत आपण मागावरचं कापडही "विणतो" आणि सुयांवरचा स्वेटरही "विणतो", त्यामुळे माझा घोळ झाला होता. साडी किंवा शर्टाचं कापड मागावरचं. त्यात उभे धागे आणि आडवे धागे एकमेकांच्या खालीवर जातात, म्हणून ते फारसं ताणत नाही. टी-शर्टचं कापड म्हणजे अगदी बारीक विणलेला स्वेटर. त्यात फाश्यातून फासा काढलेला असतो. ओढलं की फासे रुंद होतात, सोडलं की परत येतात. ओढलेल्या अवस्थेत त्यावर टीप मारली तर ते परत येऊ शकत नाही. त्याच माझ्या लाटा! आणि सरळ टीप स्वतः ताणत नाही, म्हणून कापड ताणलं की दोरा तुटतो.

आमच्या या भागाला हे कापड नवीन नाही. पायमोजे विणायचं पहिलं यंत्र १५८९ साली विल्यम ली याने केलं, तो इथून जवळच्या नॉटिंगहॅमशायरमधल्या कॅल्व्हर्टनचा. पुढे लेस्टरच्या आसपास घरोघरी अशी यंत्रं चालत. विग्स्टनला अशाच एका विणकराच्या घराचं संग्रहालय आहे. आपण ज्याला होजिअरी म्हणतो तो शब्दही मोज्यांवरूनच आला. मी इथे बारा वर्षं राहते आणि हे सगळं मला एका फाटक्या गळ्यामुळे कळलं.

आता ज्यांना करून बघायचं आहे त्यांच्यासाठी मासींचे धडे.

पहिला धडा: कापड बेतण्याआधी धुऊन वाळवा. सुती जर्सी आटते. कापड कुठल्या दिशेला जास्त ताणतं ते पाहा, ती दिशा अंगाभोवती आडवी यायला हवी. बेतताना कापड टेबलावरून खाली लोंबू देऊ नका, त्याच्याच वजनाने ते ताणतं.

दुसरा: सुई बदला. साधी टोकदार सुई फासे तोडते आणि आठवड्याभरात तिथे भोकं पडतात. गोल टोकाची, बॉलपॉइंट म्हणून मिळते ती सुई फाशांना बाजूला सारून जाते. मी ८० नंबरची वापरली.

तिसरा: ओव्हरलॉक मशीन नसलं तरी अडत नाही. साध्या मशीनवर अगदी अरुंद नागमोडी टीप मारा, रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर, लांबी अडीच. ती टीप कापडाबरोबर ताणते. मशीनचा फूट कापडावर किती दाबतो ते कमी करता येत असेल तर करा, कारण खालचे दाते कापड पुढे नेतात आणि वरचा फूट त्याला मागे धरतो. हात फक्त दिशा दाखवायला.

चौथा, गळ्याची पट्टी: फक्त इथेच थोडं ताणायचं, तेही मोजून. पट्टी गळ्याच्या घेरापेक्षा लहान हवी, साधारण ८५ टक्के. आमचा गळा ४६ सेंटिमीटर, म्हणून पट्टी ३९, अधिक जोडासाठी २. पट्टीचे आणि गळ्याचे चार-चार समान भाग करून टाचण्या लावायच्या, आणि शिवताना पट्टी तेवढी ताणायची, गळा नाही. मग ती मानेला छान बसते. शेवटी वाफेची इस्त्री वरून नुसती टेकवायची, घासायची नाही.

दुसरा टी-शर्ट शिवायला मला दोन शनिवार लागले. एक बाही मुंढ्याला उलटी जोडली गेली, ती उसवण्यातच एक संध्याकाळ गेली. पण शर्ट झाला, आणि शर्टासारखा दिसला! मी तो पलंगावर मांडून ठेवला. चिरंजीव आले, बोटांनी आतल्या शिवणी चाचपल्या, शर्ट उलटा केला आणि घातला. "अरे, उलटा..." एवढं माझ्या तोंडून निघालं. दोन शनिवारांची मेहनत डोळ्यांसमोर होती. पण तो आरशासमोर उभा राहून हात वर-खाली करत होता आणि त्याला काहीच टोचत नव्हतं.

तिसऱ्या शर्टाच्या वेळी मी त्यालाच शेजारी बसवलं. दोन्ही भागांच्या आतल्या बाजू एकमेकींना लावल्या, म्हणजे सगळ्या शिवणी बाहेर येणार. दोरा त्याने निवडला: निळ्यावर नारिंगी. बॉबिन त्यानेच भरली. जर्सीच्या कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत, ती नुसती गुंडाळते, म्हणून बाह्या आणि घेर दुमडलेच नाहीत. दुमड नाही, तर टोचणारी टीपही नाही. आईने सांगलीहून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "शिवण बाहेर? लोक म्हणतील, आईला शिवता येत नाही." मग थोडं थांबून म्हणाली, "नारिंगी दोरा मात्र शोभतोय. टीप सरळ आलीय तुझी."

तर मंडळी, गणपतीत तुम्ही पाहिलात तो हाच शर्ट. पाच जणींनी मला सांगितलं, पण सहाव्या काकूंनी थेट त्यालाच विचारलं, "बाळा, उलटा घातलास का रे?" मी उत्तर द्यायला पुढे झाले, पण त्याआधीच तो आपल्या मोडक्या मराठीत म्हणाला, "नाही काकू, हा असाच आहे. आईने केलाय." काकूंनी खांद्यावरच्या नारिंगी शिवणीवरून बोट फिरवलं आणि त्याला एक मोदक जास्त दिला.

चौथा शर्ट सध्या मशीनवर आहे, दिवाळीसाठी, पिवळा. ज्यांच्या घरात असंच एखादं टोचणारं प्रकरण असेल त्यांनी मला जरूर गाठावं. कागदी माप देईन, मशीनही वापरायला देईन. मासींचा चहा मात्र तुमच्याकडून!

तुम्हा सर्वांना आणि गावाकडच्या सगळ्यांना दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा.